फिलिपिनो घरातील रोजचा स्वयंपाक आणि मिर्येंदा: नव्याने शिकणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

लग्नामुळे, नोकरीमुळे किंवा शिक्षणामुळे फिलिपिनो कुटुंबात राहण्याची वेळ आलेल्या मराठी माणसाला तिथल्या स्वयंपाकघरात सुरुवातीला दोन गोष्टी खटकतात. एक तर मसाल्याचा डबा कुठेच दिसत नाही आणि दुसरे म्हणजे, पातेल्यातला पदार्थ चाखून पाहिला तर तो अर्धवट वाटतो. माझे सासर मनिलाच्या दक्षिणेला लगुना प्रांतात आहे. तिथे सासूबाईंच्या आणि जावांच्या हाताखाली जे शिकायला मिळाले, ते क्रमाने लिहून काढले, तर इतरांचे सुरुवातीचे काही महिने सोपे जातील असे वाटल्यामुळे हा लेख लिहिला आहे. पदार्थ अर्धवट वाटण्याचे कारण असे, की आंबट, खारट आणि तिखटाचा शेवटचा हात प्रत्येक जण जेवताना स्वतःच्या ताटात फिरवतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली, तर पुढचे सगळे नियम त्यातून आपोआप उलगडतात.

१. आधी दिवसाची घडी समजून घ्या

दिवसात चार वेळा खाणे होते: सकाळी आल्मुसाल, दुपारी तांगहालियान, संध्याकाळी मिर्येंदा, म्हणजे मधल्या वेळचे खाणे, आणि रात्री हापुनान. अनेक घरांत सकाळी दहाच्या सुमारासही मिर्येंदा होतो. त्यापैकी तिन्ही मुख्य जेवणांत भात असतो, न्याहारीतसुद्धा. भाताबरोबर जे काही खातात, मग ते मांस असो, मासे असोत किंवा भाजी, त्याला उलाम म्हणतात. साध्या दिवशी एकच उलाम पुरतो. वरण, भाजी, कोशिंबीर, पोळी असा आपला थाट मांडण्याचा आग्रह धरू नका. घरच्यांना ते पाहुणचाराचे जेवण वाटते आणि तुमचा वेळ विनाकारण जातो.

जेवण चमचा आणि काटा घेऊन होते. चमचा उजव्या हातात, काटा डाव्या हातात, आणि काट्याने घास चमच्यावर ढकलायचा. त्यामुळे मांसाचे तुकडे चमच्याच्या कडेने तुटतील इतके मऊ शिजवावे लागतात. हाताने जेवण्याची पद्धतही आहे, पण ती सहलीला, समुद्रकिनारी किंवा केळीच्या पानावर सगळे मिळून जेवताना अधिक दिसते.

२. घरात काय काय हवे

भांडी फारशी लागत नाहीत. भाताचा कुकर किंवा जाड बुडाचे पातेले, एक कढई, रश्शासाठी उंच पातेले, मोदकपात्रासारखे वाफवण्याचे भांडे आणि नारळ खवण्याचे साधन एवढे पुरेसे आहे. आंबट पदार्थांसाठी स्टीलचे किंवा मुलामा दिलेले भांडे वापरा. कल्हई नसलेल्या पितळेत किंवा साध्या ॲल्युमिनियममध्ये व्हिनेगर उकळू नका.

सामानाची यादी मात्र नीट करा:

– सुका, म्हणजे व्हिनेगर. ऊस, माड किंवा निपा पामच्या रसापासून केलेले असते. गोव्यात माडीपासून जे व्हिनेगर करतात, त्याच्याशी माडाच्या सुकाचे जवळचे नाते आहे आणि गोव्याहून येणाऱ्यांना त्याची चव लगेच ओळखीची वाटेल.
– तोयो, म्हणजे सोया सॉस. तो पातळ आणि खारट असतो. आपल्याकडच्या चायनीज गाड्यांवरचा दाट काळा सॉस त्याच्या जागी चालत नाही. रंग काळाकुट्ट येतो आणि चव बिघडते.
– पातिस, म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेले खारट पाणी. मिठाच्या जागी हे जाते.
– बागूंग, म्हणजे मिठात मुरवलेल्या कोलंबीची किंवा माशांची खारट चटणी. याचे दोन मुख्य प्रकार आहेत: आलामांगचा, म्हणजे आपल्या जवळ्यासारख्या बारीक कोलंबीचा, आणि उत्तरेकडील इलोकोस भागातला माशांचा. बाटली घेताना कोणता हवा ते आधी घरी विचारा.
– लसूण, कांदा, आले, टोमॅटो, अख्खी काळी मिरी आणि लॉरेलची पाने. आपले तमालपत्र वेगळ्या झाडाचे असते आणि त्याला दालचिनीसारखा वास येतो, त्यामुळे अदलाबदल करू नका.
– कालामान्सी हे सुपारीएवढे लहान लिंबू. ते नसेल तर कागदी लिंबाच्या रसात थोडा संत्र्याचा रस मिसळावा.
– नारळ, साधा तांदूळ, मालागकित हा चिकट तांदूळ, तपकिरी साखर, स्वयंपाकात वापरायची साबा केळी आणि लुंपियाच्या, म्हणजे तिथल्या स्प्रिंग रोलच्या, पातळ पाऱ्या.

आखाती देशांत राहणाऱ्या मराठी वाचकांना फिलिपिनो दुकानांत यातले बहुतेक सगळे मिळते. मालुंगाय नावाची जी भाजी पाककृतींत वारंवार दिसते, तो शेवग्याचा पाला आहे. ती भारतीय दुकानात शोधा.

३. बाजार सकाळी करा

ताजे सामान पालेंकेमध्ये, म्हणजे मंडईत, सकाळी लवकर घ्यावे. मासे आणि मांस दुपारनंतर तिथे घेऊ नये. एकाच विक्रेत्याकडे नेमाने जात राहिलात की तुम्ही त्याचे सुकी होता. मग तो चांगला तुकडा बाजूला ठेवतो, मासा साफ करून देतो आणि कोथिंबीर फुकट टाकणाऱ्या आपल्या भाजीवाल्यासारखी दोन मिरच्या वर घालतो. घासाघीस चालते, पण हसतमुखाने आणि थोडीच. मोठ्या माणसाशी बोलताना वाक्यात आदरार्थी ‘पो’ घालायला विसरू नका.

गल्लीतल्या सारी-सारी दुकानात सगळे सुटे मिळते: लसणाचा एक गड्डा, व्हिनेगरची लहान पुडी, एकच अंडे. अडीअडचणीला ते उत्तम आहे, मात्र महिन्याचे सामान तिथून भरल्यास महाग पडते.

४. भात नीट जमवा

उलाम थोडा फसला तरी कोणी बोलत नाही, पण भात गिच्च झाला तर ताटावर बसलेल्या प्रत्येकाच्या लक्षात येते. तांदूळ दोनदा धुवा. पहिले पाणी टाकून द्या आणि दुसरे धुवण राखून ठेवा, कारण ते पुढे सिनिगांग या आंबट किंवा तिनोला या आल्याच्या रश्शात जाते. तांदूळ सपाट करून बोटाचे टोक त्याच्या पृष्ठभागावर टेकवायचे आणि पाणी पहिल्या पेरापर्यंत घालायचे, हे माप बहुतेक घरांत चालते. भातात मीठ, तूप किंवा जिरे घालत नाहीत. दाणे एकमेकांना किंचित धरून असावेत, मोकळा फडफडीत भात काट्याने चमच्यावर नीट ढकलता येत नाही. त्यामुळे बासमती इथे कौतुकाचा विषय होत नाही. तळाची खरवड फेकू नका, ती आवडीने खाणारे घरात कोणीतरी असतेच.

५. फोडणीची सवय बाजूला ठेवा

बहुतेक रश्शांची आणि भाज्यांची सुरुवात गिसा या क्रियेने होते. थोड्या तेलात आधी लसूण, तो सोनेरी होऊ लागला की कांदा, कांदा पारदर्शक झाला की टोमॅटो, आणि टोमॅटो पळीने दाबून पूर्ण विरघळेपर्यंत परतायचा. त्यानंतर मांस किंवा मासे, मग पातिसचा शिडकावा. तिनोलासाठी टोमॅटोऐवजी आले येते.

मोहरी, हिंग, हळद, धणे-जिरे पूड यांतले काहीही घालू नका. नवख्यांचा हात इथेच सुटतो. चिमूटभर गरम मसाल्याने काय बिघडणार असे वाटते, पण त्या वासाखाली आंबटपणाचे सगळे बारकावे दडपले जातात आणि घरातली लहान मुले ताट पुढे सरकवतात. बातांगास प्रांतात हळद घालून पिवळा आदोबो, म्हणजे व्हिनेगरमध्ये शिजवलेले मांस, करतात, हा अपवाद आहे. तो त्या प्रांताचा स्वतःचा प्रकार आहे. हळदीची आठवण फारच आली, तर तो करून पाहा.

६. आदोबो: पहिला पदार्थ हाच शिका

सहा माणसांसाठी एक किलो कोंबडी हाडांसकट तुकडे करून घ्या. डुक्कर चालणारे घर असेल तर अर्धे मांस त्याचे घ्यावे. अर्धी वाटी तोयो, ठेचलेल्या लसणाचा एक पूर्ण गड्डा, चहाचा एक चमचा अख्खी मिरी आणि तीन लॉरेलची पाने लावून अर्धा तास मुरू द्या. मग मांस तेलावर सर्व बाजूंनी हलके लाल करा, मुरवणाचा रस आणि एक वाटी पाणी घाला, आणि उकळी आली की अर्धी वाटी व्हिनेगर ओता.

आता पळी बाजूला ठेवा. व्हिनेगर घातल्यानंतर किमान सात-आठ मिनिटे ढवळायचे नाही आणि झाकणही ठेवायचे नाही, असे घरोघरी निक्षून सांगतात. झाकण उघडे असले की व्हिनेगरचा झोंबणारा वास वाफेबरोबर निघून जातो आणि मागे गोलसर आंबटपणा राहतो. सुरुवातीला पातेल्यावर वाकलात तर डोळ्यांत पाणी येईल इतका वास उग्र असतो. तो मवाळ झाला की मगच ढवळा, झाकण ठेवा आणि मंद आचेवर मांस मऊ करा. शेवटी पुन्हा झाकण काढून रस आटवावा, तेल कडेने सुटून वर चकाकू लागले की झाले. कोणाकडे रस भरपूर ठेवतात, कोणाकडे अगदी कोरडा करतात, कोणी चिमूटभर साखर घालतात. यावर नवरा-बायकोच्या माहेरांमध्ये वाद झडतात, आणि त्यात नव्या माणसाने पडू नये.

मीठ घालू नका. तोयोचा खारटपणा रस आटल्यावर दुपटीने जाणवतो.

७. सिनिगांग: आंबटाचे माप

सिनिगांग हा आंबट रस्सा आहे आणि पावसाळी दिवशी त्याची मागणी हमखास येते. आंबटपणा बहुधा चिंचेचा असतो, पण कामियास, म्हणजे कोकण-गोव्यातली बिलिंबी, पिकलेला पेरू किंवा सांतोल हे फळही वापरतात. चिंच वापरताना एक मोठा फरक लक्षात घ्या. आपण वर्षभर साठवतो ती पिकलेली, तपकिरी चिंच. इथे कच्ची हिरवी चिंच लागते. पिकलेल्या चिंचेने रस्सा काळपट आणि गोडसर होतो, आणि चमचाभर प्यायल्याबरोबर तो आमटीसारखा वाटू लागतो.

पाव किलो हिरव्या चिंचा पाण्यात उकळून साली फुटल्या की कुस्करा आणि गाळून घ्या. दुसऱ्या पातेल्यात तांदळाचे धुवण आणि पाणी मिळून सुमारे दोन लिटर घ्या, त्यात मांस, कांदा आणि टोमॅटो घालून मांस मऊ होईपर्यंत शिजवा. वर येणारा फेस काढत राहा, म्हणजे रस्सा स्वच्छ राहील. नंतर भाज्या एकेक करून घालायच्या: आधी अरवी, जी विरघळून रस्सा थोडा दाट करते, मग मुळा, मग चवळीच्या लांब शेंगा, भेंडी आणि वांगे, मग लांब हिरवी मिरची अख्खी, न फोडता. चिंचेचा कोळ भाज्या शिजत आल्यावर थोडा थोडा घालून चाखा, आणि गॅस बंद केल्यावर कांगकोंगची पाने टाकून झाकण ठेवा. ही आपल्याकडची नाळीची भाजी. ती उकळत राहिली तर चोथा होतो.

मासे किंवा कोलंबी घालायची असेल, तर भाज्या शिजल्यानंतर घाला. बाजारात तयार पुड्या मिळतात आणि कामाच्या दिवशी बहुतेक घरे त्याच वापरतात, त्यात कमीपणा काही नाही. फक्त पुडीत मीठ असते, म्हणून पातिस अगदी शेवटी घालावे.

८. आठवड्याचे इतर उलाम

तिनोला म्हणजे आल्याच्या रश्शातली कोंबडी, त्यात कच्ची पपई किंवा सायोते ही फळभाजी आणि शेवग्याचा पाला. बाळंतिणीला आणि आजाऱ्याला हीच देतात. पिनाकबेतमध्ये लाल भोपळा, कारले, वांगे, भेंडी आणि शेंगा बागूंगमध्ये शिजतात. त्यातले कारले ढवळल्यास सगळ्या भाजीला कडवटपणा येतो, म्हणून पातेले हातांनी धरून हलवावे.

मुंगो हा हिरव्या मुगाचा दाट पदार्थ शुक्रवारी होतो, कारण कॅथलिक घरांत, विशेषतः ईस्टरपूर्व उपवासाच्या काळात, शुक्रवारी मांस वर्ज्य असते. मूग फुटेपर्यंत शिजवा, गिसा वेगळा करून त्यात धुरावलेला मासा किंवा सुकी कोलंबी घाला, वरून शेवग्याचा किंवा कारल्याचा पाला. कुकरच्या शिट्ट्या इथे खुशाल करा. इतर दिवशी त्याच मुंगोवर डुकराच्या कुरकुरीत सालीचा चुरा येतो.

लाइंग हा बिकोल भागातला पदार्थ सुकवलेल्या अळूच्या पानांचा. नारळाच्या दुधात पाने मंद आचेवर, सुरुवातीला अजिबात न ढवळता शिजवतात, कारण अर्धकच्च्या पानांनी घसा खवखवतो. अळूच्या फदफद्यात चिंच किंवा आमसूल घालणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

वाढदिवसाला पान्सित, म्हणजे परतलेल्या शेवया, असतातच. लांब शेवयांचा दीर्घायुष्याशी संबंध जोडतात, त्यामुळे त्या तोडू किंवा कापू नका. मुलांच्या वाढदिवसाला शेजारी गोड स्पॅगेटीही दिसेल. तिच्यातला लाल सॉस बहुधा केळ्यांच्या केचपचा असतो. मारिया ओरोसा या फिलिपिनो अन्नरसायनतज्ज्ञ स्त्रीने हा केचप तयार केला. १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत त्यांचा मृत्यू झाला. इटालियन चवीची अपेक्षा ठेवून खाल्ले तर विचित्र लागते, मुलांच्या रांगेत बसून खाल्ले तर आवडते.

९. सावसावान टेबलावर आणल्याशिवाय जेवण वाढू नका

छोट्या वाट्यांमध्ये ठेवायची ही तोंडी लावणी. तळलेल्या माशाला ठेचलेला लसूण आणि मिरची घातलेले व्हिनेगर. भाजलेल्या मांसाला तोयो आणि कालामान्सी. सिनिगांगमधल्या मांसाला पातिस आणि त्यात चिरडलेली, रश्शातलीच मिरची. कच्च्या आंब्याला बागूंग. एका जेवणाला निदान एक सावसावान हवे. ज्यांना आपले तिखट लागते त्यांनी सिली लाबुयो या बारीक मिरच्या स्वतःच्या वाटीत फोडाव्यात. पातेले सौम्य राहिले की आजी, नातवंडे आणि तुम्ही, तिघांचेही भागते.

१०. मिर्येंदा

इथे तुमची कदर लवकर होईल, कारण केळी, नारळ, गूळ आणि तांदूळ यांवर मराठी हात आधीच बसलेला असतो.

तुरोन: पिकलेले, पण घट्ट असलेले साबा केळे उभे दोन भाग करून तपकिरी साखरेत घोळवा, फणसाच्या गऱ्याची एक पट्टी ठेवा आणि लुंपियाच्या पारीत घट्ट गुंडाळून कड पाण्याने चिकटवा. पाऱ्या ओल्या फडक्याखाली ठेवा, नाहीतर कडा वाळून तुटतात. तेल मध्यम तापले की त्यात थोडी साखर भुरभुरा. ती वितळून तुरोनला चिकटते आणि तांबूस, काचेसारखे कवच येते. तळलेले तुरोन कागदावर ठेवू नका, कागदच चिकटून बसतो. जाळीवर, एकमेकांना न लागता ठेवा. साखर गडद तपकिरी होण्याआधी काढावे, कारण बाहेर आल्यावरही तिचा रंग चढत राहतो.

बनाना क्यू हे त्याचेच सोपे रूप: पारी नाही, केळे साखरेसह तळायचे आणि तळून झाल्यावर बांबूच्या काडीला ओवायचे. साबा न मिळाल्यास कोकणातली राजेळी केळी चालतात, वेलची केळी मात्र तेलात विरघळतात.

चाम्पोरादो: एक वाटी मालागकित सहा वाट्या पाण्यात सतत ढवळत शिजवा, दाणे फुलले की ताब्लेया नावाच्या कोकोच्या चार-पाच वड्या आणि चवीप्रमाणे साखर घाला, वाढताना वरून दूध. याच्याबरोबर तुयो, म्हणजे तळलेला खारा सुका मासा, खातात. चॉकलेटबरोबर सुकट ही कल्पना ऐकून आपल्याकडचे लोक चेहरा करतात. एकदा खाऊन बघा आणि मग बोला.

पालिताव: चिकट तांदळाचे पीठ साध्या पाण्यात मळून चपट्या गोळ्या उकळत्या पाण्यात सोडायच्या, तरंगल्या की काढून ओल्या नारळात घोळवायच्या आणि वरून साखर व भाजलेले तीळ. मोदकांप्रमाणे उकड काढण्याची गरज नाही. मोदकाचे पीठ मात्र वापरू नका, त्याला ही लवचीक ओढ येत नाही. याच पिठाच्या छोट्या गोळ्या साबुदाणा, रताळे, केळे आणि फणसासह नारळाच्या दुधात शिजवल्या की गिनाताआंग बिलो-बिलो होतो. नारळाचे पहिले दाट दूध सर्वात शेवटी घालून लगेच आच बंद करावी, अन्यथा ते फुटते.

दारात कोणी आले की खाण्याचे विचारायचेच, ही रीत आपल्यासारखीच आहे. म्हणून मिर्येंदा मोजून करू नका.

११. शाकाहारी असाल तर

‘वालांग कार्ने’, म्हणजे बिनमांसाचे, एवढे सांगून भागत नाही. भाजीत पातिस, बागूंग, कालवांचा सॉस किंवा तयार चव-पुडी असू शकते आणि सांगणाऱ्याच्या मते त्यात खोटेपणा नसतो, कारण मांसाचा तुकडा खरोखरच नसतो. काय चालत नाही त्याची नावे घेऊन सांगा. घरात स्वतः करताना मुंगो, गिसा केलेला भोपळा-शेंगा, लाइंग आणि भाज्यांची लुंपिया हे सगळे पातिसऐवजी मीठ घालून चांगले होते. सर्वांसाठी केलेल्या पातेल्यातून पातिस घालण्यापूर्वी आपला वाटा बाजूला काढणे हा सोपा मार्ग आहे. डुक्कर किंवा गोमांस न खाणाऱ्यांनी लोंगानिसा (मांसाचे सॉसेज), तोसिनो (गोड मुरवलेले मांस) आणि लुंपियाचे सारण यांबद्दल आवर्जून विचारावे.

१२. उरलेल्याचे काय

नारळाच्या दुधाचे पदार्थ दमट हवेत सर्वात आधी आंबतात. ते त्याच दिवशी संपवा किंवा थंड झाल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवा. आदोबो दुसऱ्या दिवशी अधिक मुरतो, तिसऱ्या दिवशी त्याचे धागे काढून तेलावर कुरकुरीत परततात. लुंपिया कच्च्याच गोठवून ठेवाव्यात आणि तळताना बर्फ वितळू न देता थेट तेलात सोडाव्यात.

रात्रीचा भात हातानेच मोकळा करून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी भरपूर ठेचलेला लसूण तेलावर सोनेरी करून अर्धा बाजूला काढा, उरलेल्यात भात आणि मीठ घालून मोठ्या आचेवर परता, मग बाजूला काढलेला लसूण वरून भुरभुरा. हा सिनांगाग झाला. शेजारी तळलेले अंडे आणि आदल्या दिवशीचा आदोबो, तापा (मुरवलेले मांस) किंवा सुका मासा, आणि व्हिनेगरची वाटी ठेवा. ताज्या भाताचा सिनांगाग करू नका, त्याचा गोळा होतो. रात्री भात उरणार नाही असे दिसले तर आधीच मूठभर तांदूळ जास्त लावा.